काट्यावर चढण्याआधीचं वजन : एका प्लॅटफॉर्मच्या नोंदी

४ ऑगस्ट

नवीन काम हातात आलं. पंपाखाली ठेवायचा प्लॅटफॉर्म. लांबी २४०० मि.मी., रुंदी १२०० मि.मी., उंची साधारण ९००. चौकट ५०×५०×३ च्या (बाजू ५०, जाडी ३ मि.मी.) चौकोनी पाइपची, वर ५ मि.मी. जाडीची प्लेट, पंपाच्या बैठकीला ५०×५०×६ चे अँगल (एल आकाराच्या पट्ट्या), एका बाजूला भोकांच्या जाळीचा बिजागरीवरचा गार्ड. वेल्डिंग संपलं की सगळा सांगाडा गॅल्व्हनायझिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवायला) जाणार.

वजन आधी हवं आहे, आणि ते एक नाही, दोन हवी आहेत. एक मागवायच्या मालाचं. दुसरं तयार जॉबचं (बनवलेल्या वस्तूचं), कारण तो उचलून जागेवर बसवायचा आहे. कागदावर दोन्ही एकाच रकान्यात लिहिली जातात आणि मग महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही की तो आकडा कशाचा होता. म्हणून हिशेबाची स्प्रेडशीट नव्याने बांधतोय, रकाने पहिल्यापासून वेगळे.

मूळ हिशेब शाळेतलाच: वजन म्हणजे आकारमान गुणिले घनता. शॉपमध्ये तो पटकन वापरायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरते. छेदाचं क्षेत्रफळ १ चौ.मि.मी. असलेली १ मीटर लांब तार म्हणजे बरोबर १ घन सें.मी. धातू. म्हणून छेदाचं क्षेत्रफळ चौ.मि.मी.मध्ये काढा, ग्रॅम प्रति घन सें.मी.मधल्या घनतेने गुणा, उत्तर थेट ग्रॅम प्रति मीटर. दशांश चिन्ह कुठे द्यायचं यावर डोकं खपवायला नको.

प्लेटसाठी याहून सोपं. १ चौ. मीटर, १ मि.मी. जाड एमएस (माइल्ड स्टील) प्लेट ७.८५ किलो. ५ मि.मी. म्हणजे ३९.२५, १० मि.मी. म्हणजे ७८.५. हे पाठच असतं.

५ ऑगस्ट

घनतेचा रकाना भरला. ग्रॅम प्रति घन सें.मी., नेहमीच्या तापमानाला:

माइल्ड स्टील ७.८५
एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ – ७.९३, ३१६ – साधारण ७.९८
एसएस ४३० – साधारण ७.७
बीड (ओतीव लोखंड, ग्रे) ७.१ ते ७.३, शीटमध्ये ७.२
अॅल्युमिनियम ६०६१ – २.७०, ७०७५ – २.८१
पितळ (फ्री कटिंग) ८.५
फॉस्फर ब्राँझ ८.८
तांबं ८.९६
जस्त ७.१४
शिसं ११.३४
टायटॅनियम (ग्रेड ५) ४.४३

बऱ्याच छापील तक्त्यांत ‘एसएस’ अशी एकच ओळ असते. ती मला पटत नाही. ३०४ मध्ये निकेल आहे, निकेल लोखंडापेक्षा जड, शिवाय या जातीत अणूंची रचना जास्त दाटीची असते. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नाही, भर क्रोमियमची, आणि क्रोमियम लोखंडापेक्षा हलकं. दोघांत ३ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे ३०४ एमएसपेक्षा किंचित जड आणि ४३० एमएसपेक्षा हलकं, आणि दोघांनाही आपण एसएसच म्हणतो.

बिडाला एक आकडा देणं हीच मुळात तडजोड आहे. त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा बसलेला असतो. ग्रॅफाइटची घनता २.२ च्या आसपास, त्यामुळे ग्रॅफाइट जास्त तितकं बीड हलकं. ओतकामात आत पोकळी राहिली तर आणखी हलकं. बिडाच्या ओळीसमोर ‘± २ टक्के’ लिहून ठेवलं.

तापमानाचा रकाना ठेवायचा विचार होता, काढून टाकला. स्टीलची लांबी दर अंशाला १० लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते, आकारमान त्याच्या तिप्पट. २० अंश फरकाने घनता ०.०७ टक्के हलते. आपला टेप त्याहून मोठी चूक करतो.

६ ऑगस्ट

आकारांची सूत्रं.

गोल सळीला सगळे वापरतात तेच: व्यास × व्यास ÷ १६२, उत्तर किलो प्रति मीटर. १६ मि.मी.ला १.५८, २० ला २.४७, २५ ला ३.८६. फुटांवर काम करणारे ५३३ ने भागतात, तेही बरोबर आहे, फक्त उत्तर फुटाचं येतं.

हा १६२ फक्त एमएसचा आहे, हे मात्र लोक विसरतात. पितळेची सळी १६२ ने भागून वर ‘थोडं जास्त धरा’ म्हणायची पद्धत पाहिली आहे. त्यापेक्षा प्रत्येक धातूचा भाजकच शीटमध्ये घातला: एसएस ३०४ ला १६०.६, पितळेला १५०, तांब्याला १४२, अॅल्युमिनियमला ४७२, बिडाला १७७, शिशाला ११२. पितळेचा १५० तर तोंडीसुद्धा सोपा पडतो.

एक गंमत, जिने नवीन पोरं हमखास गोंधळतात. वर्तुळाच्या सूत्रातला पाय (π) भागिले चार म्हणजे ०.७८५, आणि स्टीलची घनता ७.८५. अंक तेच, संबंध काहीही नाही, निव्वळ योगायोग. पण कोणी हिशेबात ०.७८५ एकदाच लिहिलं तर तपासणाऱ्याला कळत नाही की तो पाय आहे की घनता, आणि दुसरा राहिला का. गोल सळीच्या एमएसच्या हिशेबात तो दोनदा यायलाच हवा. ०.७८५ चा वर्ग ०.६१६, आणि १०० मि.मी. व्यासाच्या सळीचं वजन ६१.६ किलो प्रति मीटर. हे आकडे जुळले की समजायचं काही सुटलं नाही.

चौकोनी सळी: बाजूचा वर्ग × ०.००७८५. षटकोनी सळी: समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर घ्यायचं, कोपरे नाही, त्याचा वर्ग × ०.८६६ हे क्षेत्रफळ, एमएससाठी एकूण गुणक ०.००६८.

गोल पाइप: (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६. ६०.३ मि.मी. बाहेरचा व्यास आणि ३.६ जाडी असलेला पाइप ५.०३ किलो प्रति मीटर येतो. इथे एक सावधगिरी: ‘५० चा पाइप’ हे नाव आहे, माप नाही. ५० नॉमिनल बोअरचा पाइप बाहेरून ६०.३ असतो. सूत्रात ५० घातला तर सहाव्या हिश्शाहून जास्त वजन गायब होतं.

इंचाचा माल आणि मि.मी.चा माल एकाच रॅकमध्ये पडला असेल तर तेही बघायचं. एक इंची सळी २५.४ ची असते. २५ धरली तर वजन ३ टक्क्यांहून जास्त कमी लागतं, कारण व्यासाचा वर्ग होतो आणि व्यासातली चूक वजनात दुप्पट होऊन येते.

७ ऑगस्ट

आजचा बराच वेळ चौकोनी पाइप आणि अँगलमध्ये गेला, आणि तो वाया गेला नाही.

५०×५०×३ चौकोनी पाइप. कोपरे धारदार धरले तर क्षेत्रफळ ४ × (५० − ३) × ३ = ५६४ चौ.मि.मी. ५०×५०×६ अँगल: (५० + ५० − ६) × ६ = ५६४ चौ.मि.मी. दोन्ही एकच! आधी वाटलं सेलमध्ये चुकीचा संदर्भ गेला. तसं नाही. बाजू सारखी आणि अँगलची जाडी पाइपच्या दुप्पट असली की दोन्ही सूत्रं बीजगणिताने एकच होतात, आकडे कोणतेही घ्या. ५६४ चौ.मि.मी. म्हणजे ४.४३ किलो प्रति मीटर.

पण छापील तक्त्यात पाइप ४.२५ आहे आणि अँगल ४.४७. एक सूत्राच्या खाली, दुसरा सूत्राच्या वर. सगळा खेळ कोपऱ्यांचा आहे. पाइपचा कोपरा बाहेरून गोल असतो. बाहेरची गोलाई ६ आणि आतली ३ धरली तर चारही कोपऱ्यांत मिळून सुमारे २३ चौ.मि.मी. धातू कमी भरतो. ५४१ उरतात, तेच ४.२५. अँगलमध्ये उलट: आतल्या काटकोनात भर असते, ती टोकांच्या गोलाईत जाणाऱ्या धातूपेक्षा जास्त, म्हणून ५ चौ.मि.मी. वाढतात.

पाइपमध्ये फरक ४ टक्क्यांचा, अँगलमध्ये १ टक्क्याचाही नाही. म्हणून शीटमध्ये अँगलला साध्या सूत्रावर फक्त हे ५ चौ.मि.मी. मिळवले आणि चौकोनी पाइपला गोलाईची वजाबाकी घातली: ०.८५८ × (बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग − आतल्या त्रिज्येचा वर्ग). चॅनल आणि आय-बीमच्या वाटेला सूत्राने जायचंच नाही. त्यांच्या पाकळ्या उतरत्या असतात, जाडी जागोजागी बदलते. तिथे तक्ता उघडायचा.

८ ऑगस्ट

कटिंग लिस्ट. चौकोनी पाइपचे तुकडे: २.४ मीटरचे २, २.३ चे २, १.१ चे ८, ०.८५ चे ६. बेरीज २३.३ मीटर. पाइप ६ मीटरचा येतो, म्हणजे चार पाइप, २४ मीटर. बेरजेवरून चार पुरतात, पण बेरीज पुरली म्हणून तुकडे बसतात असं नाही. सहाही ०.८५ एकाच पाइपमधून काढायला गेलं की एक १.१ चा तुकडा बाहेर राहतो आणि पाचवा पाइप लागतो. शेवटी असं बसलं: एकात २.४, २.४, १.१. दुसऱ्यात २.३, २.३, १.१. उरलेल्या दोन्हींत प्रत्येकी तीन १.१ आणि तीन ०.८५. पात्याने खाल्लेला धातू कापामागे ३ मि.मी. धरला तरी जागा आहे.

मागवायचं वजन: पाइप २४ × ४.२५ = १०२ किलो. प्लेट २५०० × १२५० चा अख्खा पत्रा, १२२.७ किलो, त्यातली जॉबमध्ये जाणारी ११३. हा १० किलोचा फरक म्हणजेच ते दोन वेगळे रकाने.

१२ ऑगस्ट

माल आला. आजची नोंद सगळ्यात कामाची आहे, म्हणून सविस्तर.

पाइपची जाडी व्हर्निअरने (सरकत्या जबड्यांच्या मापकाने) पाहिली. कापलेल्या टोकाला ३.०५. कापाची बर (कडेला उरलेला धातूचा काठ) कानशीने काढली, २.९. आतल्या बाजूला जोडाची शिवण आहे तिथे पुन्हा वेगळी. गोल टोकाच्या मायक्रोमीटरने शिवण सोडून तीन बाजूंना घेतली, २.८६ च्या आसपास. एकाच पाइपच्या एकाच टोकाला इतकी उत्तरं.

मग उलटा रस्ता घेतला. पाइपचा बरोबर ५०० मि.मी. लांबीचा तुकडा, दोन्ही टोकं काटकोनात आणि साफ केलेली, छोट्या काट्यावर: २.०२८ किलो. म्हणजे ४.०५६ किलो प्रति मीटर, म्हणजे छेद ५१६.७ चौ.मि.मी. शीटमध्ये जाडी खालीवर करून हा छेद जुळवला, जाडी आली २.८५. ही जाडी कोणत्याही एका जागेची नाही. ती तुकड्याच्या चारही बाजूंची, शिवणीसकट, सरासरी आहे, आणि मला वजनासाठी हवी ती हीच.

इतके दिवस घनता घेऊन वजन काढत होतो. आज वजन आणि घनता घेऊन जाडी काढली आणि ती व्हर्निअरपेक्षा भरवशाची निघाली. स्टीलची घनता जवळजवळ हलत नाही. एमएस कोणत्याही गिरणीचं असो, ७.८५ च्या अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर बसतं. जाडी मात्र ५ टक्के सहज सरकते आणि पातळ मालात ती चूक जशीच्या तशी वजनात उतरते. लोक ७.८५ की ७.८६ यावर वाद घालतात, तेव्हा पाइपवर लिहिलेला ३ मुकाट्याने मान्य केलेला असतो.

यातून खरेदीचाही एक मुद्दा निघतो. माल प्रत्यक्ष वजनावर घेतला तर पातळ पाइपमध्ये पैशाचं नुकसान नाही, तेवढ्याच किलोत मीटर जास्त मिळतात. नगावर किंवा ‘तक्त्यातल्या वजनावर’ घेतला तर न मिळालेल्या धातूचे पैसे जातात. ताकद दोन्हीकडे कमीच: पाइपचा ताठपणा साधारण जाडीच्या प्रमाणात घटतो. इथे ५ टक्के चालणार आहे, भार मोठा नाही.

प्लेट उलट निघाली. कडेला मायक्रोमीटरने ५.१. म्हणजे ४०.० किलो प्रति चौ. मीटर, ३९.२५ नाही. अँगल ६.३ च्या आसपास, तोही जाडच.

१३ ऑगस्ट

स्टोअरकडून अडचण आली. गार्डच्या बिजागरीत घालायचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) ब्राँझचे हवेत. रॅकमध्ये पिवळट सळीचे दोन उरलेले तुकडे आहेत, दोन्हींवरचा रंगाचा पट्टा घासून गेलेला. एक पितळ, एक ब्राँझ असावं. ताज्या कापावर रंग थोडा वेगळा दिसतो, पण बल्बखाली मी त्यावर पैज लावणार नाही.

पाण्यातून घनता काढली. पद्धत काट्याची एक खुबी वापरते. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवायचं, काटा शून्य करायचा, तुकडा दोऱ्याने वरून पाण्यात सोडायचा. पूर्ण बुडायला हवा, तळाला किंवा भिंतीला टेकायला नको. काटा आता दाखवतो ते तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. तुकड्याचं कोरडं वजन त्याने भागायचं आणि पाण्याच्या घनतेने गुणायचं, २५ अंशांना ०.९९७.

पहिला तुकडा: कोरडा ४८६.२ ग्रॅम, पाण्यात सोडल्यावर काटा ५७.१. घनता ८.४९. पितळ.
दुसरा: ३९३.५ ग्रॅम आणि ४४.६. घनता ८.८०. ब्राँझच्या गटात.

‘गटात’ म्हणतोय ते मुद्दाम. गनमेटलही (तेही एक ब्राँझच) ८.७ ते ८.८ मध्येच येतं. फॉस्फर ब्राँझ की गनमेटल हे घनता सांगणार नाही. या बुशला दोन्ही चालतात म्हणून प्रश्न मिटला. तसंच ३०४ आणि ३१६: फरक फार तर ०.६ टक्के, आणि शॉपमधल्या मापाची एकूण चूकच ०.३ ते ०.४ टक्क्यांची. त्यांची ओळख अशी पटवायला जाऊ नये. अॅल्युमिनियममध्ये मात्र ६०६१ आणि ७०७५ वेगळे काढता येतात, तिथे ४ टक्क्यांचं अंतर आहे.

तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हा या पद्धतीचा खरा शत्रू. बुडबुडा आकारमान वाढवतो, घनता कमी दाखवतो, आणि ब्राँझ हळूच पितळेकडे सरकतं. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. आंधळी भोकं असलेला तुकडा मात्र पाण्यात उलटसुलट करूनच घ्यायचा.

१४ ऑगस्ट

गार्डची जाळी. २ मि.मी. पत्रा, ५ मि.मी.ची गोल भोकं, तिरक्या ओळींत, मध्यापासून मध्यापर्यंत ८ मि.मी. तिन्ही दिशांना अंतर सारखं असेल तर मोकळी जागा = ०.९०७ × भोकाच्या व्यासाचा वर्ग ÷ अंतराचा वर्ग. इथे ३५.४ टक्के. अख्ख्या पत्र्याचे १५.७ किलो प्रति चौ. मीटर, जाळीचे १०.१. गार्ड १२०० × ६००, म्हणजे ७.३ किलो. कडेला भोकं नसलेली पट्टी सोडलेली असते, ती धरली नाही. बुशचं वजनही धरलं नाही, दोन्ही बुश मिळून काही ग्रॅम आहेत.

बेस प्लेट सहा, १२० × १२० × १० मि.मी. प्रत्येकी १.१३, एकूण ६.८ किलो. प्रत्येकीला १४ मि.मी.ची चार भोकं आहेत. एक भोक १२ ग्रॅमचं, चोवीस भोकांचे २९० ग्रॅम. सोडून दिलं. वजाबाकीचा उत्साह कुठे आवरायचा हे एकदा ठरवून टाकावं: एकूण वजनाच्या हजाराव्या भागाच्या आसपास जे आहे, त्यासाठी शीटमध्ये ओळ वाढवायची नाही.

१८ ऑगस्ट

वेल्डिंग सुरू व्हायच्या आधीची बेरीज. नावाच्या मापांनी आणि मोजलेल्या मापांनी, दोन्ही.

नावाच्या मापांनी: पाइप ९९.०, प्लेट ११३.०, बेस प्लेट ६.८, अँगल (४.४ मीटर) १९.७, पायरीची १६ मि.मी. सळी (३ मीटर) ४.७, जाळी ७.३. एकूण २५०.५ किलो.

मोजलेल्या मापांनी: पाइप ९४.५, प्लेट ११५.३, अँगल २०.६, बाकी तेच. एकूण २४९.२ किलो.

सव्वा किलोचा फरक. कोणी हे पाहून म्हणेल की मोजण्याची एवढी यातायात कशाला केली. पण पाइप साडेचार किलोने हलका आहे आणि प्लेट-अँगल मिळून सव्वातीन किलोने जड. ते एकमेकांना खाऊन गेले हा या जॉबचा योग. हीच चौकट बिनप्लेटची असती तर बेरीज थेट साडेचार टक्क्यांनी चुकली असती. एकूण आकडा बरोबर येणं म्हणजे ओळी बरोबर असणं नव्हे, म्हणून शीटमध्ये आता प्रत्येक ओळीला ‘नाव’ आणि ‘मोजलेलं’ असे दोन आकडे राहतील.

वेल्डिंगची भर: ४ मि.मी.च्या फिलेटचा (कोपऱ्यातल्या त्रिकोणी वेल्डचा) छेद ८ चौ.मि.मी., म्हणजे मीटरला ६३ ग्रॅम. एकूण शिवण १६ मीटर, तर एक किलो. वेल्डर सूत्रापेक्षा सढळ हाताचे असतात, सव्वा धरला. मोजलेल्या बेरजेत मिळवून अंदाज २५०.५ किलो.

उचलण्यासाठी २७५ धरायचे, ५०० किलोचा चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) पुरेसा. चार पायांचं स्लिंग (उचलायचे पट्टे किंवा साखळ्या) असलं तरी चौकट ताठ आहे, चारही पाय सारखे ताणले जात नाहीत. म्हणून भार दोनच पायांवर धरला. स्लिंगचा पाय आडव्या रेषेशी ६० अंश, म्हणजे एका पायावर वजनाच्या ०.५८ पट, सुमारे १६० किलो. कोन ३० अंशांवर आला तर तोच ताण पूर्ण वजनाइतका, २७५ किलो होतो. म्हणून स्लिंग लांब घ्यायचं. वजनाचा अंदाज कितीही काटेकोर असो, आखूड स्लिंग त्याची किंमत शून्य करतं.

२५ ऑगस्ट

सांगाडा तयार. लटकत्या काट्यावर उचलला. काटा २५६, स्लिंग आणि शॅकलचे (जोडकड्यांचे) ३ वजा, २५३ किलो. काट्याचं एक घर (सगळ्यात लहान भाग) म्हणजे १ किलो.

अंदाजापेक्षा अडीच किलो जास्त, म्हणजे १ टक्का. कुठून आले याचा थोडा शोध घेतला. प्लेट मी कडेला मोजली होती. रोलमधून निघालेली प्लेट मधे किंचित जाड असते, कारण दाबाखाली रोल स्वतः मधून वाकतात. मधे सरासरी ०.०५ मि.मी. जास्त असली तरी एवढ्या क्षेत्रावर ती १.१ किलो होते. उरलेला दीड किलो वेल्डिंग, जाळीची बिनभोकांची कड आणि काट्याचं घर यांत कुठेतरी आहे. १ किलोच्या घरांच्या काट्याने त्यापुढे खोदण्यात अर्थ नाही.

प्लेटचा पत्रा आला तेव्हाच अख्खा तोलला असता तर ही मधली जाडी आपोआप हिशेबात आली असती. पुढच्या कामासाठी शीटमध्ये ओळ घातली: ‘पत्रा – तोललेलं वजन ÷ क्षेत्रफळ’. पाइपच्या तुकड्याला जे केलं तेच.

२६ ऑगस्ट

गॅल्व्हनायझिंगची तयारी. पाइपच्या बंद टोकांजवळ भोकं पाडली, प्रत्येक बंद पोकळीला किमान दोन, एक वर, एक खाली, तिरक्या समोर. जस्ताचं कुंड ४५० अंशांच्या आसपास असतं. बंद पाइपमध्ये अडकलेली हवा किंवा ओल तिथे फुटते, आणि ते साधंसुधं फुटणं नसतं. भोकं नीट नसतील तर दुसरी गोष्ट: जस्त आत साचून राहतं आणि वजनाचा सगळा हिशेब बिघडतो.

जस्ताच्या वजनाचा अंदाज. दीड ते ३ मि.मी.च्या मालाला किमान सरासरी थर ५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग), म्हणजे चौ. मीटरला ३९५ ग्रॅम. ३ ते ६ मि.मी.ला ७० मायक्रॉन, ५०५ ग्रॅम. त्याहून जाडला ८५ मायक्रॉन, ६१० ग्रॅम. पाइपला आतून-बाहेरून मिळून मीटरला ०.३६ चौ. मीटर पृष्ठभाग आहे. आतली बाजू लोक हमखास विसरतात, आणि ती जवळजवळ निम्मी आहे. पाइप ३.३ किलो, प्लेट २.९, बाकी सगळं एक किलो. एकूण सव्वासात किलो.

३ सप्टेंबर

परत आला. तोच काटा, तेच स्लिंग: २६६, वजा ३, २६३ किलो. जस्त १० किलो चढलं, सव्वासात नाही.

हे अपेक्षितच होतं. सव्वासात हा किमान थराचा हिशेब, आणि कुंडात कोणी किमानावर थांबत नाही. शिवाय स्टीलमध्ये सिलिकॉन किती आहे यावर थर बराच अवलंबून असतो. थराच्या गेजने पाइप आणि प्लेटवर वाचनं घेतली, ७५ ते ९५ मायक्रॉनमध्ये, सरासरी ८४. एकूण पृष्ठभाग सुमारे १६.४ चौ. मीटर. ८४ मायक्रॉन म्हणजे चौ. मीटरला सुमारे ६०० ग्रॅम, गुणिले १६.४ म्हणजे ९.८ किलो. काटा आणि गेज एकमेकांशी जुळले, त्यामुळे आत जस्त साचलेलं नाही हेही कळलं.

शीटमध्ये जस्ताच्या दोन ओळी केल्या. मागणीपत्रासाठी किमान थराची. उचलण्याच्या वजनासाठी पातळ-जाड सगळ्याच मालाला ८५ मायक्रॉन, पाइपची आतली बाजू धरून.

प्लॅटफॉर्म उद्या जागेवर जाईल. त्यावर चढणाऱ्या पंपाचं बॉडी बिडाचं आहे आणि वजनाची पट्टी गंजून वाचता येत नाही. त्याला सूत्र नाही, लटकता काटाच लावायचा.